चाकणची बस सोडताना: राजीनाम्याची तारीख कशी ठरवली

२०२४च्या जूनमध्ये नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलं आणि पुढचे अठ्ठावन्न दिवस मी ते पर्सच्या चोरकप्प्यात घालून चाकणला जात-येत राहिले. सुरुवातीला नवरा आणि बाबा सोडले तर कोणाला पत्ता नव्हता. त्या दिवसांत मी ज्याला त्याला आडून आडून विचारायचे आणि उत्तर एकच मिळायचं, "बोनस घे आणि मग सोड." पण कोणत्या तारखेला, कोणता कागद आधी वाचून, आणि ज्या साहेबांनी काम शिकवलं त्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे कोणी सांगत नव्हतं. आता सगळं आटोपलंय, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

मी चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत होते. १५ जुलै २०१९ला रुजू झाले. घर कोथरूडला. सकाळी सहा दहाची कंपनीची बस. चांदणी चौक, बायपास, देहूरोड, तळवडे, म्हाळुंगे. तळवड्याला अडकलो की पुढचं सगळं देवाच्या हवाली. संध्याकाळी घरी यायला सात, पावसाळ्यात साडेआठ. लेक जूनमध्ये पहिलीत जाणार होती आणि तिच्या शाळेच्या पहिल्या मीटिंगला मी जाऊ शकणार नाही हे मला मार्चमध्येच कळून चुकलं होतं. पगाराबद्दल माझी मोठी तक्रार नव्हती, लोकांबद्दल तर मुळीच नव्हती. रस्त्याने दमवलं होतं.

१३ मेला मतदानाची सुट्टी होती. बोटाला शाई लावून घरी आले आणि बायोडेटा नीट करायला बसले. घराकडून जवळ पडणाऱ्या पिरंगुटच्या एका कंपनीत जागा आहे असं जुन्या मैत्रिणीने सांगितलं होतं. आमच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे दोन्ही मुलाखती रजा न टाकता झाल्या, १६ आणि २३ मेला. चाकण-भोसरीच्या लोकांना या गुरुवारचा फायदा ठाऊक असेलच. आपली सुट्टी असते आणि बाकी जगाची ऑफिसं उघडी असतात. १२ जूनला ऑफर लेटर आलं. पगारात सुमारे अठरा टक्के वाढ. रुजू व्हायची तारीख त्यांनी २ सप्टेंबर लिहिली होती.

त्या रात्री मी २०१९चं अपॉइंटमेंट लेटर शोधून काढलं. पाच वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. पान चारवर नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. कमी पडलेल्या दिवसांची वसुली बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर (काही कंपन्यांत ती पूर्ण पगारावर असते, तेव्हा हा शब्द बघाच). शिल्लक रजा नोटिशीत वळती करून घेणं व्यवस्थापनाच्या मर्जीवर. व्हेरिएबलचे, म्हणजे वर्षाच्या कामगिरीवर मिळणाऱ्या बोनसचे, नियम त्या पत्रात नव्हतेच, ते कंपनीच्या पोर्टलवर एका वेगळ्या पीडीएफमध्ये होते. त्यात एक ओळ होती: रक्कम अदा होण्याच्या दिवशी सेवेत असलेला आणि राजीनामा न दिलेला कर्मचारीच पात्र. म्हणजे वर्षभर काम केलं, मार्चअखेर टार्गेट पुरं केलं, तरी पैसे खात्यात पडायच्या आदल्या दिवशी पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला, तर शून्य. आमच्याच टूलरूममधल्या एकाचं दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. त्याने तीन आठवडे आधी प्रामाणिकपणे सांगितलं आणि पैसे गेले. माझी २०२३-२४ची रक्कम १,१२,००० रुपये होती. ती जूनच्या पगाराबरोबर, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मिळायची होती.

दुसरी भानगड ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेची. १४ जुलैला माझी पाच वर्षं भरणार होती. माझ्या डोक्यात पक्कं होतं की त्याआधी राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी गेली. बाबा पोस्टातून निवृत्त झालेत. सकाळी फिरायला जातात तिथे त्यांच्या कट्ट्यावर एक जुने पर्सोनेल मॅनेजर येतात. बाबांनी माझं नाव न घेता "एका ओळखीच्या मुलीचं" म्हणून विचारलं. त्यांनी अर्थातच ओळखलं आणि रविवारी घरीच आले, चहाला. मी त्यांना काका म्हणते.

काकांनी पाच मिनिटांत गाठ सोडवली. तेव्हा लागू असलेल्या १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग सेवा कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजायचे, राजीनाम्याच्या तारखेपर्यंत नाही. नोटिशीचे नव्वद दिवसही सेवेतच धरतात. मी जूनमध्ये पेपर टाकला असता तरी शेवटचा दिवस सप्टेंबरात येत होता आणि पाच वर्षं आपोआप भरत होती. चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस झाले तरी चालतं असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, असंही ते म्हणाले. पण प्रत्येक कंपनी तो मुकाट्याने मानते असं नाही, तेव्हा ज्यांना पाच पूर्ण करता येतात त्यांनी करावीत. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी हिशेब मांडला: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, कमी असेल तर सोडून देतात. माझा बेसिक वाढीनंतर ३८,००० होणार होता. ३८,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, म्हणजे १,०९,६१५ रुपये. ते कॅलेंडर अजून फ्रिजला आहे.

जाताना काका म्हणाले, "पीएफमध्ये नाव कोणतं आहे तुझं?" आणि तिथे माझ्या पोटात गोळा आला. पीएफच्या नोंदीत माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. पहिली नोकरी भोसरीत, २०१३ सालची, तेव्हाची नोंद तशीच पुढे आली होती. नाव जुळत नसेल तर पीएफची बदली अडकते आणि दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लरेशनला (कर्मचारी आणि कंपनीच्या संयुक्त अर्जाला) तेव्हा कंपनीची मान्यता लागायची. नोकरीत असताना ही मान्यता दोन दिवसांत मिळायची. सोडून गेल्यावर तिथल्या क्लार्कला तुमच्यासाठी लॉगिन करायला सवड कधी होईल ते सांगता येत नाही. मी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज टाकला. एचआरमधल्या मॅडमनी "आताच का?" विचारलं. "घराच्या कर्जासाठी कागद नीट करतेय," म्हणाले. अर्धं खरं होतं. तसंच पाच वर्षांच्या सगळ्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), वाढीची पत्रं आणि व्हेरिएबलच्या नियमांची पीडीएफ माझ्याकडे उतरवून घेतली. फक्त माझे कागद, कंपनीचं एक ड्रॉइंगसुद्धा नाही. राजीनाम्यानंतर पोर्टलचं लॉगिन कोणत्या दिवशी बंद होईल याचा नेम नसतो.

ठरवलं होतं असं: ५ जुलैला पैसे, ८ जुलैला राजीनामा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोकळी. नव्या कंपनीला १ ऑक्टोबरपर्यंत राजी केलं होतं, चार-पाच दिवसांची रजा वळती करून घेतली असती.

३ जुलैला नोटीस बोर्डावर कागद लागला. यंदा व्हेरिएबल जुलैच्या पगाराबरोबर मिळेल.

त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून नुसती बसून होते. एक महिना पुढे म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा, त्यापुढे नव्वद दिवस म्हणजे नोव्हेंबर. एक लाख बारा हजार सोडायचे की नवी नोकरी? नवरा म्हणाला, "त्यांना खरं सांगून बघ." मला ते भाबडेपणाचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. घरून पिरंगुटच्या एचआरला फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की माझे वर्षभराचे पैसे एका महिन्याने पुढे गेलेत, ते सोडून यायची माझी ऐपत नाही, मला वेळ वाढवून द्याल का. तेवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून भरून देता येईल का, हेही विचारून घेतलं. त्याला नाही म्हणाले. तारखेवर मात्र दोन दिवसांनी उत्तर आलं: १५ ऑक्टोबर, त्यापुढे एक दिवस नाही. मी ते मेलवर लिहून मागितलं आणि सुधारित ऑफर लेटर येईपर्यंत पाठ सोडली नाही. आणखी एक गोष्ट त्याच मेलमध्ये घातली: माझ्या सध्याच्या कंपनीत चौकशीचा फोन राजीनामा दिल्याचं मी कळवल्यानंतरच करावा. हे आवर्जून लिहा. पडताळणी करणाऱ्या एजन्सीला तुमच्या तारखांशी देणंघेणं नसतं.

१५ ऑक्टोबर ऐकून सासूबाई मात्र खूश झाल्या (तोवर त्यांना सांगावंच लागलं होतं). पितृपंधरवडा संपलेला, दसरा १२ला. "बरंच झालं, पक्षात कुठे नवीन काम सुरू करतेस!"

जुलै महिना सगळ्यात वाईट गेला. पैशाचं गणित सुटलं होतं, त्रास वेगळाच होता. २३ ते २५ सप्टेंबरला आमचं आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, सर्व्हिलन्स ऑडिट ठरलं आणि सरांनी (काम शिकवणारे ते साहेब हेच) मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा तयारीची सूत्रं माझ्याकडे. मी वहीत मान खाली घालून लिहीत राहिले. सर मला "तू" म्हणतात, मी त्यांच्याच हाताखाली गेज (माप तपासायचं साधन) पकडायला शिकले असं म्हटलं तरी चालेल. त्यांच्यापासून रोज काहीतरी लपवायचं, त्यांच्याबरोबर डबा खायचा आणि पर्समध्ये ते पत्र. दोनदा मी सांगण्याच्या अगदी बेतात आले होते. एकदा तर केबिनच्या दारापर्यंत जाऊन "काही नाही, नंतर येते" म्हणून परतले.

आणि चाकण केवढंसं आहे? बाहेरून पाहिलं तर शेकडो कारखाने, पण क्वालिटीतली माणसं एकमेकांना ओळखतात. आज जो आपल्याकडे सप्लायर म्हणून येतो तो उद्या ग्राहकाच्या बाजूने ऑडिट करायला येतो. नवी कंपनी त्याच मोठ्या ग्राहकाला माल देणारी. "ती पैसे घेतले आणि पळाली" हे वाक्य माझ्याआधी पिरंगुटला पोचलं असतं. तेव्हा मी स्वतःशी एक ठरवलं: पैसे येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, पण तोवरच्या कामात एक दिवसही हात आखडता घ्यायचा नाही. ऑडिटची तयारी मी पुढच्या माणसाला एकट्याला चालवता येईल अशी करायला घेतली, मानकाच्या प्रत्येक क्लॉजच्या (कलमाच्या) फाइलीत पहिल्या पानावर पुरावा कुठे आहे ते लिहून. कोणाला कळलं नाही मी असं का करतेय. हे वागणं बरोबर होतं की माझ्या मनाची समजूत, यावर नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत नाही.

२५ जुलैला, गुरुवारी, पुण्यात भयंकर पाऊस झाला. सिंहगड रस्त्याला एकता नगरीत पाणी शिरलं ते त्याच दिवशी. आम्ही दिवसभर नातेवाइकांना फोन लावत होतो. दुसऱ्या दिवशी कंपनीत वाढीचं पत्र मिळालं, एप्रिलपासून नऊ टक्के. सरांनी हात मिळवून अभिनंदन केलं. मला रडू येईल असं वाटलं. पत्रावर सही करण्याआधी मात्र डोळे पुसून शेवटपर्यंत वाचलं, कारण काही कंपन्या वाढीच्या पत्रात "पुढील एक वर्ष" असं काहीतरी घालून ठेवतात. माझ्या पत्रात तसं काही नव्हतं.

७ ऑगस्ट, बुधवार. दुपारी पावणेचारला बँकेचा मेसेज आला. पगार आणि व्हेरिएबल एकत्र. व्हेरिएबलचे टीडीएस कापून हातात साधारण साडेचौऱ्याण्णव हजार आले. कापतात हे धरूनच खर्चाचा बेत करा, मी आधी पूर्ण रकमेचा केला होता. ८ला सुट्टी. ९ ऑगस्टला नागपंचमी होती, शुक्रवार. सकाळी अकराला मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता, पण आधी तोंडाने सांगायचं हे पक्कं होतं.

"सर, मी राजीनामा देतेय."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. पेनचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाले, "परवा पैसे जमा झाले. त्यासाठी थांबली होतीस?"

मी सांगून टाकलं. "हो सर. ऑफर जूनमध्येच आली होती."

"आणि ऑडिटचं मी तुझ्यावर टाकलं तेव्हा गप्प बसलीस."

"ऑडिट करूनच जाणार आहे, सर. १४ ऑक्टोबर माझा शेवटचा दिवस धरलाय."

त्यावर ते "बघू" एवढंच म्हणाले. सगळ्या तयारीत मी या प्रश्नाचं दुसरं एक गुळगुळीत उत्तर पाठ केलं होतं, की अचानक चालून आलं, घरची अडचण वगैरे. ते तोंडातून निघालं नाही याचं आज बरं वाटतं. पुढचे दोन आठवडे सर माझ्याशी कामापुरतंच बोलले. ग्राहकाबरोबरच्या मीटिंगला मला बोलावणं बंद झालं. जेवायला ते दुसऱ्या टेबलावर. याची तयारी ठेवा. राजीनाम्यानंतरचा पहिला पंधरवडा फार एकटा असतो.

कागदोपत्री भाग: केबिनमधून बाहेर येऊन मेल पाठवला, एचआरला प्रत, माझ्या खासगी पत्त्यावर बीसीसी. छापील प्रत देऊन पोच म्हणून सही-शिक्का घेतला. पोर्टलवरही त्याच दिवशी अर्ज भरला. हे तिन्ही केलं ते बरं, कारण पोर्टलवर सरांनी "मान्य" हे बटण सहा दिवसांनी दाबलं आणि तिथे नोटीस १५ ऑगस्टपासून दिसू लागली. मेलची तारीख दाखवल्यावर मॅडमनी ९ तारीख करून दिली. ९ ऑगस्टपासून नव्वद दिवस म्हणजे ६ नोव्हेंबर. मला २३ दिवस कमी पडत होते. खात्यावर ३१ रजा होत्या. सगळ्या वळत्या करा म्हटलं तर नियमात दहाच बसत होत्या. उरलेल्या १३ दिवसांची वसुली, ३८,०००च्या तिसाव्या भागाने, १६,४६७ रुपये. उरलेल्या २१ रजांचे त्याच दराने २६,६०० मिळणार होते. इथवर माझं गणित बरोबर आलं होतं.

मग मॅडमनी फाइलमधून एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. व्हीडीए ६.३चं, म्हणजे वाहन उद्योगातल्या प्रोसेस ऑडिटचं, ट्रेनिंग. मार्चमध्ये कंपनीने पाठवलं होतं, फी ४२,००० रुपये. खाली माझी सही: ट्रेनिंग संपल्यापासून बारा महिन्यांत नोकरी सोडल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात वसुली. सही मला आठवतही नव्हती. ट्रेनिंगच्या आदल्या संध्याकाळी बस सुटायच्या घाईत केली होती बहुतेक. सात महिने भरत होते, पाच उरत होते, १७,५०० रुपये. चूक माझीच. नव्या कंपनीने भरून द्यावेत म्हणून विचारलं, पण आता उशीर झाला होता. ऑफरच्या वेळी बोलले असते तर कदाचित दिले असते. तेव्हा अपॉइंटमेंट लेटर वाचून थांबू नका. गेल्या दीड वर्षात कशाकशावर सह्या केल्यात ते आठवा: ट्रेनिंग, परदेशवारी, लॅपटॉप, जॉइनिंग बोनस.

आठवडाभराने वरून थांबण्यासाठी विचारणा झाली, पगार वाढवून देऊ. मी नको म्हणाले. रस्ता कोणी लहान करून देणार नव्हतं.

गणपतीत नोटीस चालू असल्याने रजा नव्हती, ७ सप्टेंबरला घरची प्रतिष्ठापना नवऱ्याने केली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पगाराच्या एक्सेल शीटबद्दल कोणाचं तरी बोलणं कानावर पडलं म्हणून, मी मॅडमना सहज विचारलं, "माझा सप्टेंबरचा पगार ऑक्टोबरला नेहमीसारखाच ना?" नाही. नोटिशीच्या शेवटच्या महिन्याचा पगार रोखून ठेवतात आणि पुढे हिशेबात एकदम देतात. म्हणजे ऑगस्टचा पगार ६ सप्टेंबरला आला तो शेवटचा. त्यापुढचा पैसा थेट नव्या कंपनीतून ७ नोव्हेंबरला, तोही सतरा दिवसांचाच. मधे घराच्या कर्जाचे दोन हप्ते, २७,४००चे, आणि मधेच दिवाळी. ज्या व्हेरिएबलसाठी एवढा जीव टांगणीला लावला होता ते शेवटी या दोन महिन्यांत घरखर्चालाच गेलं. मी ते लेकीच्या नावाने ठेवणार होते. राजीनामा देण्याआधी एचआरला नाही, तर आधी सोडून गेलेल्या एखाद्याला "शेवटचे पगार रोखतात का" हे नक्की विचारा.

ऑडिट झालं. तिन्ही दिवस मी सरांच्या शेजारी बसले. एक किरकोळ नॉन-कन्फॉर्मिटी (एनसी, म्हणजे मानकाशी न जुळणारी त्रुटी) निघाली, एका प्लग गेजच्या कॅलिब्रेशनच्या लेबलवरची तारीख रजिस्टरशी जुळत नव्हती. माझ्याच अखत्यारीतली गोष्ट. ऑडिटर गेल्यावर सर म्हणाले, "चल, वडापाव खाऊ." ऑगस्टनंतर पहिल्यांदा. त्या एनसीचं मूळ कारण आणि उपाय लिहून, पुराव्याचे फोटो लावून, माझ्या जागी येणाऱ्या मुलाला समजावूनच मी फाइल बंद केली. हँडओव्हरची यादी बेचाळीस ओळींची झाली. प्रत्येक ओळीपुढे त्याची सही आणि खाली सरांची. ही सही करून घेणं काहींना अविश्वासाचं वाटतं. मला वाटतं ती दोघांच्याही सोयीची असते, तीन महिन्यांनी "हे तर तिने दिलंच नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार. नो ड्यूजच्या (काही देणं बाकी नसल्याच्या) फॉर्मवर अकरा सह्या: स्टोअर, टूलरूम, आयटी, कँटीन, सेफ्टी, अकाउंट्स आणि काय काय. दहा झाल्या. मोजमापाची साधनं ठेवतात त्या स्टँडर्ड रूममधला म्हणाला, तुमच्या नावावर एक मायक्रोमीटर आहे. २०२१पासून. मी तो कधी घेतला ते मलाच आठवेना. दोन तास शोधलं. दुसऱ्या लाइनच्या एका कपाटात, डब्यासकट, धूळ खात सापडला. सह्यांचं काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आठवडाभर आधी निदान यादी तरी काढून घ्या. संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरकाकांना पेढे दिले. पाच वर्षांत त्यांनी मला चांदणी चौकाच्या जरा अलीकडे, घराजवळच्या वळणावर, नियम मोडून उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिरंगुट. रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) अजून हातात नव्हतं, पण राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि तीस दिवसांत पत्र देईन असं लेखी दिल्यावर त्यांनी रुजू करून घेतलं. पत्र २४ ऑक्टोबरला मेलवर आलं. ग्रॅच्युइटीसाठी फॉर्म आय मी निघतानाच भरून पोच घेतली होती. कायद्याने तीस दिवसांत द्यायची असते आणि १२ नोव्हेंबरला आली, पूर्ण १,०९,६१५. त्यावर कर कापला नाही, वीस लाखांच्या मर्यादेत ती करमुक्त असते. बाकी हिशेबाला वेळ लागला. दर सोमवारी एक मेल, आवाज न चढवता, मागच्या मेलच्या खालीच. २९ नोव्हेंबरला सप्टेंबरचा पगार, ऑक्टोबरचे चौदा दिवस, रजेचे पैसे, वजा नोटीस, वजा ट्रेनिंग, असे मिळून एक्क्याण्णव हजार आणि काही आले.

नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून दिला, त्यात एप्रिलपासूनचं जुन्या कंपनीतलं उत्पन्न आणि कापलेला टीडीएस. हा कंटाळवाणा कागद टाळला तर दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब दोनदा धरले जातात आणि जुलैत रिटर्न भरताना एकरकमी कर अंगावर येतो. पीएफ काढला नाही, बदली केली. जुन्या कंपनीने पोर्टलवर सोडल्याची तारीख भरेपर्यंत ती पुढे सरकत नाही. कंपनीने नाहीच भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीने आपल्याला स्वतः भरता येते, माझ्यावर तेवढी वेळ आली नाही. मॅडमनी डिसेंबरच्या सुरुवातीला भरली. ६ जानेवारीला पासबुकात भोसरीपासूनचे सगळे पैसे एका ओळीत दिसले, सासरच्या आडनावाने.

नोव्हेंबरात संध्याकाळी सातनंतर माझ्या जागेवरच्या मुलाचे फोन यायचे. पहिले तीन आठवडे मी घेतले, मग आठवड्यातून एकदाच, शनिवारी, असं त्याला सांगितलं. एनसी वेळेत बंद झाली. डिसेंबरात मोठ्या ग्राहकाकडे सप्लायरांची मीटिंग होती. मी पिरंगुटच्या बाजूने गेले होते. चहाच्या वेळी सर दिसले, मी जरा दबकतच पुढे झाले. त्यांनी शेजारच्या माणसाला माझी ओळख करून दिली, "ही आमच्याकडची. आता पलीकडे गेलीय." मग मला म्हणाले, "रस्ता कसा आहे तिकडचा?"

भूगावच्या कोंडीबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तरी साडेसहाला घरी असते.

शेवटी जुन्या कंपनीचा फॉर्म १६ तेवढा यायचा राहिला होता, जून २०२५च्या मध्यापर्यंत. त्यासाठी मॅडमना माझा खासगी ईमेल देऊन ठेवला होता, कारण कंपनीचा पत्ता १४ ऑक्टोबरला संध्याकाळी सहालाच बंद झाला होता.